बायकांचा पिक्चर, गड्यांचा पिक्चर

टीव्हीवर भांड्याच्या साबणापुढे बाई आणि मोटारसायकलवर बाप्या दिसला की माझं डोकं फिरतं. घरातले हसतात, जाहिरातीवर कसला राग काढतेस म्हणतात. त्यांना काय सांगणार!

सत्तरच्या दशकात आमच्या पेडगावात टीव्ही नव्हता. जाहिराती गाडीतून यायच्या. दिवेलागणीला चावडीपुढे पांढरा पडदा बांधायचे आणि भोंग्यावरून आधी बायकांना बोलवायचे. एका वर्षी आम्हाला अंगाच्या साबणाचा पिक्चर दाखवला. एक पोरगी तोंड धुते काय, गोरीपान होते काय आणि पाहुणे तिला लगेच पसंत करतात काय! शेवटी प्रत्येकीला साबणाची एक छोटी वडी फुकट मिळाली. मग भोंगा म्हणाला, आता माय-बहिणींनी घरी जावं, पुढचा पिक्चर शेतकरी बांधवांसाठी, कापसावरच्या औषधाचा. आम्ही निमूटपणे उठलो.

आईनं वडी पेटीत ठेवली. मी तेव्हा चौदा वर्षांची होते.

"तुला बघायला येतेल तवा काढू," ती म्हणाली.

वडील जेवायला आले तेव्हा तिनं विचारलं, "तुमाला काय दावलं?"

"काय न्हाई, पंपाचं व्हतं. तुला काय करायचंय?"

आठवड्याभरानं फवारणी निघाली. पंप पाठीवर घ्यायचे वडील. विहिरीचं पाणी आणून बादलीत औषध कालवायची आई, कोपरापर्यंत हात घालून. दुपारी तिनं मातीनं हात चोळले, चूळ भरली आणि बांधावर बसून भाकर खाल्ली. थोड्या वेळानं तिच्या तोंडाला फेस आला. बैलगाडी परभणीच्या वाटेवर असतानाच ती गेली.

शेवटची आंघोळ घालायला मावशीनं पेटीतली ती वडी मागितली. वरचा कागद मीच फाडला. तेवढ्यात दारात बसलेल्या वडिलांचं लक्ष गेलं आणि त्यांनी कपाळ बडवून घेतलं.

"साबणानं हात धुवा म्हणले व्हते पिक्चरमदी. उघड्या हातानं कालवू नका म्हणले व्हते. समदं सांगितलं व्हतं गं. मला वाटलं, पंपवाल्याला सांगायलेत."

मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आमच्या घरात औषध कोण कालवतं, हे त्यांना दर फवारणीला समोर दिसत होतं.