टोपी-टॉवेलवाले साळुंके सर

साळुंके सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात एका पुढाऱ्याची गचांडी होती. पडेगावच्या मंगल कार्यालयात लग्न होतं. आमच्याकडं अक्षता पडायच्या आधी माइकवरून एकेक नाव पुकारून मानकऱ्यांना टोपी-टॉवेल देतात. ती टोपी कुणी घालत नाही, पण नाव राहिलं तर कायमचं वैर. सरांनी यजमानाला पटवून हा आहेर बंद केला होता आणि ते पैसे मुलांच्या शिष्यवृत्तीला वळवले होते. पुढाऱ्याला मात्र मान हवाच होता. "मान पायजे? हा घे," म्हणत सरांनी त्याला खुर्चीसकट आडवा केला. मी नुकतीच शिकवायला रुजू झाले होते त्याच कॉलेजातले हे क्रीडाशिक्षक, असं कळल्यावर मी कपाळाला हात लावला.

आमचा एक विद्यार्थी परदेशी विद्यापीठात गेला होता आणि पुढची फी न जमल्यानं शिक्षण अर्धवट टाकून परतला होता. ते ऐकून सरांनी स्टाफरूमची काच फोडली. राग कुणावर, हे त्यांनाही सांगता आलं नाही. तेव्हापासून त्या विद्यापीठात जाणाऱ्या आमच्या मुलांसाठी ते फंड जमवू लागले. तिथल्या कॅम्पसला ते 'तिकडची छावणी' म्हणत. "आपल्या इथल्या लष्कराच्या छावणीत गोरे राहून गेले, आता त्यांच्या छावणीत आपली पोरं ऱ्हातील."

"नाव पुकारलं की माणूस बांधला जातो," हा त्यांचा मंत्र. देणगीदाराचं नाव आधी माइकवर, विचारणं मागाहून. चारचौघांत नाही कोण म्हणणार? सर टोपी घालतात, असं लोक म्हणत. त्यावर सर म्हणत, "घालत नाय, उतरवतो." फंडातला मुलगा अभ्यासात घसरला, तर सुट्टीत आल्यावर त्याच्या गालावर बोटं उमटत. मी यावरून त्यांच्याशी कडकडून भांडले. "मॅडम, आमच्याकडं हातच पयला बोलतो," एवढंच म्हणाले. माणूस मला आवडायचा आणि तो हात अजिबात आवडायचा नाही.

मग आमच्या कॉलेजातल्या गंगापूरच्या वैशालीला त्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. वडील नव्हते, घर काकाच्या मुठीत. फंडानं फी भरायची तयारी केली, पण काकानं तिच्यासाठी स्थळ पाहून ठेवलं होतं. सरांनी आपला मंत्र काढला. भावकीतल्याच एका लग्नात त्यांनी माइक घेतला. "वैशालीचे काका भगवानराव! यांनी आपला मान पुतणीच्या परदेशी शिक्षणाला दिला!" टाळ्या पडल्या. काकानं उठून सगळ्यांना हात जोडले. सर खूश झाले. मीही फसले.

जेवणं झाल्यावर मांडवामागं, जीपा लावल्या होत्या तिथं, काकानं जॅकचा दांडा काढला. "मला न इचारता माझं नाव पुकारतो व्हय रे?" पहिला घाव उजव्या हातावर बसला. कपाशीची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. सर पडले तरी तो मारतच होता, तोंडावर, बरगड्यांवर. लोकांनी ओढून काढेपर्यंत मी नुसती किंचाळत होते. तिथून तो घरी गेला, वैशालीचा पासपोर्ट कुलपात टाकला आणि आडव्या आलेल्या तिच्या आईला पट्ट्यानं सोलून काढलं.

हवालदार जबाब घ्यायला दवाखान्यात आला, तोवर सरांनी काकाला निरोप धाडून सौदा पक्का केला होता: पासपोर्ट दे, केस करत नाही. सुजल्या तोंडानं मला म्हणाले, "एका हातात पोरगी छावणीला चालली. लई सस्तं पडलं."

तेवढ्यात वैशाली आली. ओठ फाटलेला.

"सर, असा पासपोर्ट मला नको. केस करा."

"येडी हायेस का? वर्ष जाईल तुझं."

"जाऊ द्या. तुमच्या हाताचं तुम्ही मिटवाल, पण माझ्या आईच्या पाठीचं काय? मी गेल्यावर त्या घरात तीच ऱ्हाणार."

"गप. सांगतो ते ऐक."

"नाय ऐकत."

सरांनी डावा हात उगारला. वैशाली जागची हलली नाही. "मारा. काका बी असाच उगारतो."

हात तसाच वर राहिला. मग त्यांनी तो हळूहळू गादीवर ठेवला, भिंतीकडं तोंड केलं आणि हवालदाराला म्हणाले, "लिवा साहेब. आधी पोरीचं लिवा."

काकाला अटक झाली. पासपोर्ट पोलिसांनी त्याच्या कुलपातून काढून दिला. वैशाली एक सत्र उशिरा गेली आणि तिची आई आमच्या मुलींच्या वसतिगृहात कामाला राहिली. सर पुढंही लग्नांत फंड मागत फिरले, पण विचारल्याशिवाय नाव पुकारलं नाही. हात तर कुणावरच उचलला नाही.

गेल्या वर्षी सर गेले. शोकसभेत जो तो हेच सांगत होता की दांड्यानं हात मोडला आणि मारकुटे सर निवळले. शेवटी मला राहवलं नाही. मी उठून सांगितलं, मोडला तो उजवा होता. वैशालीवर उगारून खाली घेतला तो डावा, आणि तो अगदी धडधाकट होता.