आईनं निवडलेला गाडीचा क्लास

माझ्या आईला सायकलसुद्धा येत नव्हती. पण मी मोटरसायकलचा कोणता क्लास लावायचा, ते तिनंच ठरवलं.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं.

ती असतानाच मला सोयगावला नोकरी लागली. खेड्यापाड्यांत फिरायचं काम, म्हणून बाईक घेतली. आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत मी एकदम हीरो! तिकडं मात्र पहिल्याच आठवड्यात एका वळणावर खडीवरून घसरले. हात प्लास्टरमध्ये.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लगेच निकाल लावला, "गाडी विकून टाक. नोकरीचं बघू."

गाडी गेली की नोकरी गेली, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

आई म्हणाली, "नाय विकायची. नीट शिकायची."

हात बरा झाल्यावर मी तीन रायडर ट्रेनिंग कोर्स शोधले. रिव्ह्यू, फी, सर्टिफिकेट, सगळं बघितलं. आईला त्यात काडीचा रस नव्हता. ती प्रत्येक ठिकाणी सोबत आली आणि तिथल्या सरांना म्हणाली, "मला मागं बसवून एक चक्कर मारा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिल्यानं हसून टाळलं.

दुसऱ्यानं अशी पळवली की आई देवाचं नाव घेतच उतरली. "ह्यो पळवायला शिकवतो. ते तर तुला येतंयच की!"

तिसऱ्या ठिकाणी ती साडी सावरून नेहमीसारखी एका बाजूनं बसली. सरांनी इंजिन बंद केलं.

"काकू, असं नाय जमणार. दोन्हीकडं पाय टाकून बसा. अन् हेल्मेट घाला."

"अरे, लग्न झाल्यापासून अशीच बसतीय मी!"

"व्हय, पण माझ्या गाडीवर नाय."

आई तणतणत घरी आली. मला वाटलं, संपला विषय.

दुसऱ्या दिवशी बघते तर बाईसाहेब माझा पंजाबी ड्रेस घालून तयार! आयुष्यात पहिल्यांदा. आप्पा चहा प्यायचं विसरले.

"त्याच्याकडंच जायचं," ती म्हणाली. "जो मला नाय म्हणतो, तो तुझे बी लाड करणार नाय."

खरंच केले नाहीत. वळणाआधी वेग कमी, नजर वळणाच्या पलीकडं, ब्रेक हळूहळू. पार कंटाळा येईस्तोवर तेच. शेवटी शेवटी आई माझ्या मागं बसायची. मी जोरात ब्रेक मारला की हेल्मेटवर टपली.

नोकरी टिकली. पुढं आई आजारपणात गेली. तिची खूप आठवण येते, रोज येते.

आज वर्षश्राद्धाला वैजापूरजवळच्या आमच्या गावी जायचं होतं. एसटीची वेळ विचारता विचारता आप्पा मधेच म्हणाले, "तुझ्या गाडीवरच जाऊ."

ते माझ्या मागं कधीच बसले नव्हते.

निघताना माझा खांदा घट्ट धरला होता. लासूरच्या पुढं कधीतरी हात सुटला. आरशात पाहिलं, तर निवांत शेतं बघत होते.

गावात उतरल्यावर हेल्मेट काढत म्हणाले, "परत जाताना बी असंच जाऊ."

आई, तुला भरल्या डोळ्यांनी नमस्कार.

आप्पांना मी नीट घरी आणते.