दोन चुली

मार्गशीर्षातल्या सकाळी मुठेच्या पात्रात बुडी मारून ओल्या पंच्याने पेठेची वाट धरली, की थंडी आधी पावले धरते, मग पोटऱ्यांतून वर चढते आणि हळूहळू सबंध देह ताब्यात घेते. लाजेचेही असेच नसते का? तीही एकदम कोसळत नाही. आधी कानांच्या पाळ्या तापतात, मग दृष्टी खाली वळते, आणि मग आपलेच हात कुठे ठेवावेत हे आपल्याला कळेनासे होते. आता माझे केस पिकले, दात गेले. पण तरुणपणी न्यायसभेत भोगलेली ती लाज मात्र म्हातारी व्हायला तयार नाही.

मी कोकणातून पुण्यास आलो तो व्यवहारशास्त्र, म्हणजे न्यायनिवाड्याचे शास्त्र, शिकायला. आमच्या पाठशाळेत कोणी व्याकरण घोकी, कोणी ज्योतिष. आम्ही चौघेपाचजण वाद, दाय म्हणजे वारसा, विभाग, साक्षी यांच्या अरण्यात हिंडत असू. एखादा तंटा गुरुजींकडे अभिप्रायासाठी आला, की स्मृती आणि टीका धुंडाळून नेमके वचन काढायचे, त्याच्या विरुद्धचेही काढायचे, आणि दोहोंचा मेळ कसा बसतो ते सांगायचे, हा आमचा अभ्यास. त्या शोधाचा आनंद काय वर्णावा! पोथीमागून पोथी सोडताना एखादी ओळ अशी समोर येई, की जणू ती याच भांडणासाठी जन्मली होती. या विद्येतून पुढे काय? कोणी एखाद्या सरदाराच्या पदरी दत्तकाचे वाद सोडवी, कोणी परगण्याच्या कचेरीत जाई, आणि ज्याचे भाग्य थोर तो पुण्याच्या न्यायसभेत शास्त्र्यांच्या मागे बैठक मिळवी. त्या वर्षी सभेत एक जागा व्हायची होती आणि गुरुजींनी माझे नाव सुचवले होते. मी रस्त्याने चालतानासुद्धा सभेत चालल्यासारखा चालत असे.

पण पोट सभेची वाट पाहत नाही. मी वारावर जेवत होतो. म्हणजे आठवड्याचा एकेक वार एकेका घरी. यात लाजण्यासारखे काय? निम्मी पाठशाळा तशीच जेवत होती. पण आमच्या घरी एके काळी परकी मुले वारावर जेवून गेली होती. घर उतरले, तरी वडील गावात सांगत की चिरंजीव पुण्यात आत्याकडे आहेत. ती आत्या कुठेच नव्हती. माझ्या मित्रांनाही मी तीच आत्या सांगितली होती, आणि पाठशाळेपासून दूरच्या पेठेतली घरे मुद्दाम धरली होती.

त्यांतले एक घर दोन भावांचे होते. धाकटा भाऊ मी तेथे जेवू लागल्यावर वारला. त्याची पत्नी सगुणाकाकू घराच्या मागच्या सोप्यात राहत असे. पुढच्या भागात थोरले दीर, आबा, सरकारी दफ्तरातले कारकून. मंगळवार काकूंचा, गुरुवार आबांचा. काकू मला वाढीत तेव्हा स्वतःपुरते काही उरते आहे का, याकडे बघत नसत. भोपळ्याची भाजी, आमटी, गरम भात, आणि “अरे, लाजतोस काय? शास्त्र पोटात राहायला पोट तर हवे!” हे वर. आबांकडे तूप अधिक असे आणि बोलणे कमी.

एका सकाळी गुरुजींनी नवा तंटा आमच्यासमोर ठेवला. अपुत्र भावाची विधवा घराचा अर्धा भाग मागते. दीर म्हणतो आम्ही अविभक्त, वाटणी कधी झालीच नाही, तिला अन्नवस्त्र देऊ, घर नाही. नावे ऐकली आणि माझ्या हातातील पोथीचे पान तसेच राहिले.

वचन मीच काढले. भाऊ एकत्र असतील तर घर दिराचे. विभक्त झाले असतील तर नवऱ्याचा भाग विधवेचा. आणि वाटणीचा लेखी कागद नसेल, तर ती ओळखावी कशावरून? निराळ्या व्यवहारावरून, निराळ्या देवकार्यावरून, निराळ्या चुलीवरून. गुरुजी प्रसन्न झाले. “वचन चोख आहे. पण चूल निराळी होती हे सांगणार कोण? शेजारी आबांना भितात.”

मला सांगता आले असते. धाकटे भाऊ होते तेव्हापासून मंगळवारी मी एका चुलीवरचे जेवत होतो, गुरुवारी दुसरीवरचे. दोन्ही स्वयंपाकघरांतील धूर माझ्या डोळ्यांत गेला होता. पण हे सांगणे म्हणजे साऱ्या पुण्यासमोर आपले वार मोजून दाखवणे! मित्रांपुढे, त्या जागेपुढे, आणि पत्र गावी गेले तर वडिलांपुढे. त्या दुपारी मी पर्वतीच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसलो. खाली शहर पसरले होते, घराघरांतून धूर वर चढत होता, आणि प्रत्येक धुराखाली कोणीतरी कोणालातरी वाढत असेल असे वाटत होते. संध्याकाळी मी गुरुजींना सगळे सांगितले. ते नुसते म्हणाले, “सोपे जाणार नाही. पण ये.”

सभा भरली. काकू पडद्याआड होत्या. मी उभा राहिलो, आणि मागे बसलेल्या माझ्या सहाध्यायांचे डोळे पाठीला जाणवू लागले. मुख्य शास्त्र्यांनी विचारले, “आपला या घराशी संबंध काय?”

“मी तेथे वारावर जेवतो,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला.

आबा हसत पुढे सरसावले. “वा! साक्षीला आलात की पंगतीला? जिच्या घरी गिळतो तिचीच साक्ष! अन्नाचा मिंधा हा! बरे, इमान तरी एका ठिकाणी असावे. मंगळवारी तिच्याकडे पान मांडतो, गुरुवारी आमच्याकडे. पाठशाळेत चौकशी केली, तर आत्या आहे म्हणे पुण्यात! किती आत्या आहेत हो आपल्याला?”

सभा हसली. मागून जे हसू आले, त्यात ओळखीचे आवाज होते. माझ्या डोळ्यांपुढची गादी, तक्के, माणसे सारे विरघळले. मुख्य शास्त्री म्हणाले, “आबा म्हणतात ते खरे. अन्नाने बांधलेल्याची साक्ष धरता येत नाही. तुम्ही बसा.” म्हणजे एवढी लाज सोसूनही माझा शब्द कागदावर चढणारच नव्हता! मी बसलो. कोणी अंग चोरून सरकले की मलाच तसे वाटले, कोण जाणे.

मग शास्त्रीबोवा सावकाश आबांकडे वळले. “पण आबा, एक सांगा. घर एक, चूल एक, तर एकाच मुलाला त्या घरी दोन वार कसे लागले?”

“मंगळवार तिचा, गुरुवार आमचा...” आबा बोलून गेले.

“तिचा म्हणजे? तांदूळ कोणाचे?”

“तिचे... म्हणजे भाऊ होता तेव्हापासूनच ज्याचा त्याचा शिधा निराळा...” सभेत आता कोणी हसत नव्हते.

निवाडा काकूंच्या बाजूने झाला. त्यात माझे नाव नाही. आधार आहे तो आबांच्याच बोलण्याचा, मला हिणवण्यासाठी त्यांनी उच्चारलेल्या वाक्याचा. न्यायाला कधी कधी किती विचित्र वाटेने यावे लागते! न्यायसभेतील जागा दुसऱ्याला मिळाली. वादाशी संबंध आलेला माणूस नको, असे कारण कानावर आले. मित्र काही दिवस मला ‘मंगळवार’ म्हणून हाक मारीत. गुरुजींनी मात्र एकदा पोथी बांधता बांधता म्हटले, “जेवतात सगळेच. सांगणारा तू निघालास.” पुढे त्यांच्याच ओळखीने मला वाईच्या बाजूला एका कचेरीत काम मिळाले, आणि त्यावर माझा संसार झाला.

पण त्याआधीचा एक मंगळवार सांगायचा राहिला. निवाड्यानंतर मी काकूंकडे जाणेच सोडले होते. त्यांनी शेजारणीकरवी निरोप धाडला: घर राहिले, तर जेवणारा का गेला? मी गेलो, आणि मान खाली घालून पानावर बसलो.

“फार लाज वाटली का रे त्या दिवशी?” त्यांनी भात वाढता वाढता विचारले.

मी मान हलवली.

“मलाही. नवरा गेला तेव्हा कोणी विचारले नाही मी काय खाते. आणि त्या दिवशी चारचौघे पुरुष माझ्या चुलीतला विस्तव, माझ्या मडक्यातले तांदूळ मोजीत होते. तुला निदान उभे राहून बोलता आले. मी पडद्याआड बसून ऐकत होते.”

माझा घास हातातच राहिला. इतके दिवस मी त्या सभेतला एकच चेहरा आठवत होतो, माझा. पडद्याकडे मी एकदाही पाहिले नव्हते. तिथे कोणी बसले आहे हे मला ठाऊक होते, तरीही. ही लाज पहिल्या लाजेहून निराळी होती. तिने कान तापले नाहीत. ती खोल, थंड आणि स्वच्छ होती.

काकूंनी आमटीची वाटी पुढे केली. “निवतेय,” त्या म्हणाल्या. “जेव.”