चार नंबरच्या डब्यातली चिठ्ठी

कुसुमच्या आधी तिच्या चपला घरी आल्या. दुपारचे तीन वाजले असतील. कंपनीची जीप आमच्या चाळीपुढं थांबली आणि तिच्याच खात्यातली एक मुलगी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चपला छातीशी धरून उतरली. कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ चालत नाही, चपला बाहेर काढून जायचं असतं. कुसुम आत गेली, खुर्चीवर बसली आणि तिथंच मान टाकली म्हणे... "काकू, त्यांना दवाखान्यात नेलंय," एवढंच ती मुलगी बोलली. पण बरं होऊन चालत येणाऱ्या माणसाच्या चपला कोण घरी आणून देतं? मला तेव्हाच कळलं. त्याला आज दीड महिना झाला.

कुसुम माझी धाकटी नणंद. बासष्ट साली ह्यांना पिंपरीत नोकरी लागली, तेव्हा आमच्याबरोबर तीही आली. भोंगा झाला की सायकलींचा पूर, एरवी नुसतं माळरान, असं होतं तेव्हा इथं. मॅट्रिक होऊन ती कंपनीच्या स्टोअरमध्ये लागली. लग्न केलं नाही. का, ते मीही कधी विचारलं नाही. मला शाळा नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद जुळवत जुळवत वाचायला शिकले, अडलं की तिला विचारायचं. पुढं हे गेले. मूलबाळ नव्हतंच. लोक म्हणाले, नणंद-भावजयीचं आता किती दिवस पटणार? पटलं हो. पटलं म्हणजे भांडलो नाही असं नव्हे, पण भांडायला तरी दुसरं कोण होतं!

मग कंपनीत कॉम्प्युटर आला. स्टोअरमधली मालाच्या नोंदींची कार्डं जाणार, असं ठरलं. परीक्षा पास होतील त्यांना कॉम्प्युटरवर घेणार, बाकीच्यांची बदली नागपूरच्या डेपोत. कुसुमनं हे जेवता जेवता सांगितलं. मी म्हटलं, "होशील की पास," आणि भाकरी आणायच्या निमित्तानं उठले. ती नागपूरला गेली तर ह्या दोन खोल्यांत मी बोलू कुणाशी? हे मात्र तिला म्हटलं नाही.

परदेशात शिकून आलेले एक साहेब त्यांना सी नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकवत. सगळं तिला जमलं, पॉइंटरपाशी गाडी अडली. रोज साहेबांनी लिहून दिलेल्या नोटा उघडायची, कपाळ चोळायची. मी म्हटलं, "मला सांग. मला समजलं तर तुला समजलंच म्हणायचं." तिनं हसून फळीवरच्या डब्यांवर लाल रंगानं नंबर टाकले, एक ते नऊ. "कॉम्प्युटरच्या डोक्यात असे डबेच असतात, वहिनी. ह्या सातात साखर. आता चार उघडा." उघडला. आत नुसती चिठ्ठी, तीवर सात लिहिलेलं. "हा चार म्हणजे पॉइंटर. ह्यात साखर नाही, साखर कुठं आहे ते आहे." मी म्हटलं, "मग थेट सातच उघडायचा ना, ही पायपीट कशाला?" तर म्हणाली, "साहेबांनाही मी हेच विचारलं!" पुढं सांगायला लागली, की चांदणीसारखी खूण केली की चिठ्ठीवरच्या नंबराच्या डब्यात जाऊन तिथं जे असेल ते आणायचं... पण बोलता बोलता अडखळली. समजलं नव्हतंच. नुसतं पाठ झालं होतं.

परीक्षेला आठवडा राहिला असेल. साताला मुंग्या लागल्या, म्हणून मी साखर नवात ओतली आणि सातात धुण्याचा सोडा भरला. संध्याकाळी कुसुमनं चहा टाकला. हातात नोटा, डोळे नोटांत. सवयीनं चार उघडला, चिठ्ठी पाहिली, सातातले दोन चमचे चहात. पहिल्याच घोटाला थू थू करत मोरीकडं पळाली.

"वहिनी, मारता का मला! साखर कुठंय?"

"नवात. साताला मुंग्या लागल्या होत्या."

"आणि चिठ्ठी?"

"चिठ्ठीला कोण विचारतंय बाई!"

ती तोंड पुसत तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता भडकणार. तर डोळे चमकले. "चिठ्ठी बिचारी जुन्याच पत्त्यावर जाणार. तिथं आता कोण राहतं, तिला काय माहीत!" त्याच पावली तिनं चार उघडला, चिठ्ठीवरचा सात खोडला, शेजारी नऊ लिहिला. म्हणाली, "सामान हललं की चिठ्ठी बदलायची. आणि डबा कायमचा रिकामा केला, तर चिठ्ठीवर शून्य लिहायचं. म्हणजे कुणी उगाच जाऊन हात घालत नाही."

पास झाली. दारातूनच ओरडली, "नागपूर टळलं हो!" मी नुसतं म्हटलं, "हातपाय धू, चहा टाकते." माझा जीव किती दिवस टांगणीला होता, ते तेव्हा तरी सांगायला हवं होतं... दीडच वर्ष मिळालं त्यानंतर.

मला डॉक्टरांनी साखर बंद केलेली आहे, चहात साखर लागायची ती तिलाच. नऊ नंबरात होती ती तिच्या तेराव्याला आलेल्या लोकांच्या चहात संपली. पुन्हा भरली नाही. म्हणजे आता चिठ्ठीवर शून्य लिहायचं, नियम तिचाच. परवा पेन्सिल घेऊन बसलेही होते. खोडलेला सात, त्याशेजारी तिच्या हातचा घाईचा नऊ... पेन्सिल ठेवून दिली. संध्याकाळी चहा टाकला की मी चार उघडते, चिठ्ठी वाचते आणि नवापर्यंत जाते. झाकण काढून आत बघते. मग लावून टाकते.