निंबामागचं तिकांडं

अमरावतीच्या राजापेठेत आमच्या गच्चीवरून रात्री दिसतात त्या फक्त ट्यूशन क्लासच्या पाट्या. त्यांचा झगमगाट एवढा, की चंद्रसुद्धा आमच्या गल्लीत गॉगल लावून येतो. तारे तर कधीच बिऱ्हाड उचलून परतवाड्यामार्गे मेळघाटात निघून गेले. त्यामुळे बाबांनी "तिकांडं दिसलं का मी घरी जातो" असं जाहीर केलं, तेव्हा माझी पंचाईत झाली.

तिकांडं म्हणजे मृगातले एका ओळीतले तीन तारे. अकोल्याकडे आमची फुलशेती. श्रावणात हे तीन तारे विहिरीवरच्या निंबामागून वर आले, की बाबा झेंडू खुडायला निघत. मी तर लोकांना सांगतो, की तारेच बाबांच्या धाकानं उगवायचे. एकदा बाबा तापानं पडले तर अख्ख्या जिल्ह्यात उजाडायला दुपार झाली. वाढवून सांगणं आमच्याकडे जमिनीसोबत वारशानं येतं.

अलीकडे काचबिंदूनं त्यांचे डोळे धरले. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांवर टिकेल तितकी टिकेल. मी त्यांना अमरावतीला आणलं आणि शेत मक्त्यानं, म्हणजे दुसऱ्याला कसायला, देऊ म्हणालो. बाबांनी ताटच सरकवलं. मग ही अट निघाली: तिकांडं दिसलं तर शेत त्यांचं ते करणार, नाही दिसलं तर माझं ऐकणार.

मी संगणकावर आभाळ दाखवणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. संगणक असा म्हातारा, की सुरू केला की गिरणी समजून शेजारीण दळण घेऊन यायची. पण सॉफ्टवेअर भारी. गाव सांगा, महिना सांगा, वेळ सांगा, तिथलं आभाळ हजर. खाली जमीनसुद्धा आपल्या फोटोतली लावता येते. मी खास शेतात जाऊन, बांधावर गोल फिरून मोबाइलवर चौफेर फोटो काढला आणि आभाळाखाली आमचं शेत अंथरलं.

सरावाला म्हणून आधी शनी मोठा करून दाखवला.

"बाबा, हा पाहा शनी. कडी दिसते का?"

"त्याले काहून घरात आणून राहिला बे? बाहेर होता तेच बरं होतं."

मग भर दुपारी पडदे ओढले, कूलर लावला आणि संगणकावर श्रावणातली पहाट आणली. तारे वाढवत वाढवत पापडाएवढे केले. बाबा खुर्ची ओढून इतके जवळ बसले, की नाक काचेला टेकलं. मी वेळ पुढे सरकवली. आभाळ फिरायला लागलं.

तीन पापड वर आले. पण निंबामागून नाही, फवाऱ्याचे पंप ठेवायच्या टिनाच्या शेडमागून. फोटो लावताना मी पूर्व-पश्चिम उलटी करून ठेवली होती. निंब पार दुसऱ्या टोकाला उभा होता, आणि त्याच्या डोक्यावर एकही तारा नव्हता. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा म्हणाले,

"निंगालं पाह्य. निंबामागून. तीनी एका लाइनीत."

बोट त्यांनी काचेच्या मधोमध ठेवलं होतं. तिथे काळोख होता.

"बराबर हाय ना?"

मी आयुष्यात कधी गप्प बसलेलो नाही. माझ्या लग्नात भटजींना मंत्र म्हणायला मी सवड दिली नव्हती, असं बायको सांगते. पण त्या दुपारी कूलरचाच आवाज खोलीत फिरत राहिला.

"तू गप बसला म्हंजे मले समजलं," बाबा म्हणाले. बोट काढून त्यांनी ते धोतराला पुसलं. मग म्हणाले, "दे मक्त्यानं. पन फुलं लावनाऱ्याले दे. सोयाबीनवाल्याले देऊ नोको."

आमच्या शिवारात आता सोयाबीनवाल्यांशिवाय कोणी उरलेलं नाही. शेत मक्त्यानं मागायला आला होता तोही सोयाबीनवालाच. आधी निंब तोडीन, सावलीत पीक दबते, म्हणाला होता.

"देतो ना बाबा," मी म्हणालो. "फुलवाल्यायची लाइन लागून राहिली, पार बडनेऱ्यापर्यंत."