रुखवतात मांडलेली माझी गाडी

गाडीवेड्या दोस्तांनो, डोकं फिरलंय म्हणून थेट लिहितो. सनबोर्ड कापून केलेलं खामगाव-जलंब रेल्वेगाडीचं मॉडेल मी इथं टाकलं होतं, आठवतं ना? ते मी कॉलेजातल्या एका मुलीला दिलं होतं. मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं, पण तिचा नाद काही सुटला नव्हता.

आज शेगावात तिचं लग्न होतं. बोलावलं होतं, गेलो. रुखवताच्या टेबलावर, लाडू-करंज्यांच्या ताटांमध्ये, माझी गाडी! इंजिन डब्यांच्या मधोमध कोंबलेलं. पुढं चिठ्ठी, 'वधूची हस्तकला'.

राहवलं नाही. इंजिन उचलून पुढं लावायला लागलो, तर तिची मावशी ओरडली, "हात नको लावू रे! पोरीनं सोताच्या हातानं बनवली."

"मावशी, इंजिन मधात असते काय?"

"तुले काऊन पंचाईत? जाय, जेवून घे."

तेवढ्यात ती नवऱ्यासोबत फोटो काढायला तिथं आली. त्यानं कौतुकानं विचारलं, "खरंच तू केलीस?"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्याला हसून म्हणाली, "हो ना, लहानपणापासून वेड आहे मला गाड्यांचं."

न जेवता निघालो. ही गाडी कुठली, एवढंही या बाईनं मला कधी विचारलं नव्हतं. दिली ती गाडी तिची झाली, रुखवतात मांडो नाहीतर चुलीत घालो. पण माझं वेड? तेही तिनं स्वतःच्या नावावर खपवायचं? तुम्हीच सांगा.