हमीदमामू आणि अठ्ठावीस दिवसांचा महिना

हमीदमामू दुकानात शिरले की आधी भिंतीवरचं घड्याळ बघायचे, मग मनगटावरचं. दोन्हींत फरक दिसला की दारातल्या सिक्युरिटीवाल्या भालेरावांना सांगायचे, "तुमचं घड्याळ चार मिनिटं मागं आहे. गाडी गेली असती." कुठली गाडी, हे विचारायची भालेरावांची छाती नव्हती. ते मुकाट्यानं स्टूल घ्यायचे, वर चढायचे आणि काटे सरकवायचे. मॅनेजरनं सांगितलेलं काम भालेरावांनी इतक्या तत्परतेनं केल्याचं मी कधी पाहिलं नाही.

मी तेव्हा जालना रोडवर एका मोबाइल कंपनीच्या दुकानात काउंटरवर होते. पाचोडची मुलगी, बी.कॉम. झालेली, गळ्यात कंपनीची पट्टी आणि तोंडात कंपनीची भाषा. मामू पहिल्यांदा समोर येऊन बसले ते मला नीट आठवतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि हातात बटणांचा फोन.

"बेटा, माझी बहीण अजिंठ्याला राहते, एकटी. तिच्या फोनवर रिचार्ज मारायचंय. तिला फक्त फोन यावा आणि लावता यावा. नेट नको, गाणी नको, पिक्चर नको. सगळ्यात लहान कोणतं, आणि किती दिवस चालतं?"

मी सुरू झाले. अनलिमिटेड बेनिफिट्स, डेली डेटा, रोजचे शंभर मेसेज, सोबत पिक्चरचं ॲप, हँडसेट पात्र असेल तर फाइव्ह-जी. मामूंनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मला वाटलं झोपले. मी थांबल्यावर एक डोळा उघडून म्हणाले, "मी विचारलं पाचोडची गाडी किती वाजता, आणि तू सांगायलीस ड्रायव्हर कुठल्या गावचा आहे."

पाचोडचं नाव ऐकलं आणि तो आवाज कुठं ऐकलाय ते मला आठवलं. कॉलेजची तीन वर्षं दर शनिवारी मी तो बसस्टँडवर ऐकला होता. "पाचोडला जाणारी गाडी फलाट क्रमांक नऊवर लागलेली आहे." भोंग्यातून येऊनसुद्धा शब्द न् शब्द कळायचा. मामूंनी तीसेक वर्षं बसस्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत काढली होती आणि आता ते निवृत्त होऊन शहागंजला राहत होते.

त्या खिडकीचे किस्से ते रंगवून सांगायचे. एकदा एक प्यायलेला माणूस खिडकीला लटकून म्हणाला, "साहेब, मला कुठं जायचंय?" मामू म्हणाले, "ते तुझी बायको सांगंल. गाव सांग, गाडी मी सांगतो." त्याला गाव आठवेना. मामूंनी चहा पाजला, पुन्हा विचारलं, आणि शेवटी सिल्लोडच्या गाडीत बसवलं. "दुसऱ्या दिवशी परत आला," मामू सांगायचे, "म्हणं, माझं गाव कन्नड होतं. मी म्हटलं, मग काल तसं बोलायचं की. खिडकीतल्या माणसाला विचारलेलंच कळतं."

त्यांचा एकच कायदा होता. "चौकशीवाल्यानं दोनच गोष्टी बोलाव्या. माहीत आहे ते सांगावं, आणि माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगावं. बाकी सब कव्वाली."

आमच्या दुकानात मात्र दिवसभर कव्वालीच चालायची. ट्रेनिंगमध्ये आम्हाला बजावलं होतं, की 'नाही' हा शब्द काउंटरवर आणायचा नाही. सगळ्यात लहान प्लॅन गिऱ्हाइकानं दोनदा विचारला तरच दाखवायचा, तोही चेहरा पाडून. आणि अठ्ठावीस दिवसांना 'महिना' म्हणायचं. आमचे मॅनेजर अभिजितसर माझ्याहून वर्षभरानं मोठे होते आणि वर्षभर आधी या सगळ्यावर विश्वास ठेवायला लागले होते. ते म्हणायचे, "कस्टमरला आकडा नको असतो, फील हवा असतो."

तर मामूंनी पुन्हा विचारलं, "किती दिवस?" आणि मी गोड हसून म्हणाले, "महिन्याचा आहे, मामू."

"पक्का महिना?"

"हो."

त्या दिवशी पहिली तारीख होती. मामूंनी माझ्यासमोर खिशातली छोटी डायरी काढून नोंद केली आणि समाधानानं उठून गेले. जाताना म्हणाले, "आता कसं, सरळ उत्तर दिलंस."

पुढचे तीन-चार आठवडे ते अधूनमधून यायचे, कधी नुसतेच गार हवेला. कंपनीच्या मदत-नंबरवर त्यांचा विशेष राग. तिथल्या रेकॉर्ड केलेल्या बाईबद्दल म्हणायचे, "आवाज झकास आहे. पण स्टँडवर एक दिवस टिकली नसती. हे हवं तर एक दाबा, ते हवं तर दोन दाबा. अरे, लोकांनी दाबली असती ना तिची मान!" एकदा वीस मिनिटांनी जिवंत माणूस लाइनवर आला, त्यानं काहीच न सांगता 'आपका दिन शुभ हो' म्हटलं. मामू त्याला म्हणाले, "शुभच होता बाबा, तुला फोन लावेपर्यंत."

मग आठ-दहा दिवस ते आले नाहीत. आले तेव्हा घड्याळाकडे बघितलं नाही. सरळ माझ्यासमोर बसले.

"बेटा, तू महिना सांगितला होता."

"मामू, आमच्याकडे अठ्ठावीस दिवसांना महिना म्हणतात."

"कायकू? तुमचे मालक फेब्रुवारीत पैदा झाले का?"

मी हसले. ते हसले नाहीत. मग त्यांनी सगळं सांगितलं, तसंच, चौकशीच्या खिडकीतून सांगावं तसं. महिना एकतीसचा होता. तीस तारखेला ते रिचार्ज करणार होते. एकोणतीसला सकाळी आठला त्यांनी नेहमीसारखा बहिणीला, खैरूआपांना, फोन लावला; येणारे फोन अजून चालू होते, म्हणून लागला, बोलणं झालं. नऊच्या सुमाराला खैरूआपा मोरीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. फोन कमरेच्या पिशवीतच होता. त्यांना एकच बटण दाबता यायचं, भावाचं. त्यांनी ते दाबलं. पलीकडून बाई बोलली, की तुमच्या प्लॅनची मुदत संपली आहे. आपांनी पुन्हा दाबलं. बाई पुन्हा तेच बोलली. दिवसभर आपा त्या ओल्या फरशीवर पडून बटण दाबत राहिल्या. दिवस कलताना शेजारीण दही द्यायला आली तेव्हा दार वाजवून, आवाज ऐकून, लोकांनी कडी तोडली.

"आपा म्हणली, हमीद, त्या बाईला मी लई विनंती केली," मामू म्हणाले. "तिला वाटलं, खरी बाई आहे."

ऑपरेशन झालं होतं, आपा सरकारी दवाखान्यात होत्या, जिवावरचं टळलं होतं. मामूंनी टेबलावर दोन्ही हात ठेवले.

"एकच विचारायला आलो. अठ्ठावीसच दिवस आहेत, हे तुला माहीत होतं का?"

खोटं बोलता आलं असतं. मी नवी होते, आणि काउंटरवर खोटं बोलायची सवयही झाली होती. पण त्या माणसासमोर नाही बोलवलं. "माहीत होतं, मामू," मी म्हणाले.

ते उठले. "माहीत नसतं, तर शिकवलं असतं," एवढंच म्हणाले आणि गेले.

त्या दिवशी मी डबा उघडला नाही. एखाद्यानं शिव्या घातल्या की निदान आपल्याला रागावता येतं. मामूंनी तेवढीही सोय ठेवली नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात ते पुन्हा आले. टोकन घेतलं, काउंटरवर आले नाहीत, मधल्या सोफ्यावर बसले. दुकानात पंधरा-वीस माणसं होती. मामूंनी घसा साफ केला, आणि तो आवाज, भोंग्याशिवायचा, अख्ख्या दुकानात घुमला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं! महिन्याचं म्हणून सांगितलं जाणारं रिचार्ज अठ्ठाविसाव्या दिवशी बंद पडेल. पुढं जाणार नाही. ज्यांना पूर्ण महिना जायचंय त्यांनी काउंटरवर तसं स्पष्ट विचारावं. विचारल्याशिवाय सांगितलं जात नाही."

मग एक बाई म्हणाली, "तरीच! माझं दरवेळी आधीच संपतं!" आणि दुकानात बाजार भरला. अभिजितसर काचेच्या केबिनमधून धावत आले. भालेरावांना म्हणाले, "यांना बाहेर काढा." भालेराव मामूंजवळ गेले, वाकले आणि खिशातून स्वतःचा फोन काढून म्हणाले, "मामू, माझं कधी संपतंय, तेबी बघा की जरा."

अभिजितसरांनी सूर बदलला. "काका, सगळी माहिती आमच्या ॲपवर आहे."

मामूंनी आपला बटणांचा फोन पुढं केला. "हां. टाका ॲप."

लोक हसले. सरांचे कान लाल झाले. त्यांनी माझ्याकडे वळून मोठ्यानं विचारलं, "मॅडम, सांगा ना यांना. आपण प्रत्येक कस्टमरला पूर्ण माहिती देतो की नाही?"

मामू माझ्याकडे बघत नव्हते. बघितलं असतं तर कदाचित मला सोपं गेलं असतं. पगारावर माझं खोलीभाडं होतं, धाकटीची फी होती. मग मला फरशीवर पडलेल्या खैरूआपा दिसल्या, रेकॉर्डवरच्या बाईला हात जोडणाऱ्या, आणि मी म्हणाले, "नाही देत, सर."

एवढं बोलल्यावर मागं फिरण्यात अर्थ नव्हता. मी कोपऱ्यातलं जुन्या ऑफरचं पोस्टर घेतलं, उलटं केलं आणि मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहायला बसले: आज रिचार्ज केलं तर कोणत्या तारखेला बंद पडेल. प्रत्येक प्लॅनसमोर तारीख. सगळ्यात लहान प्लॅन सगळ्यात वर. मामू मागं येऊन उभे राहिले. "'वैधता' कायकू लिहायलीस? 'बंद कधी' लिही. आणि अक्षर मोठं कर, म्हाताऱ्यांनी काय दुर्बीण आणायची?"

सरांनी संध्याकाळी पोस्टर काढलं. मी सकाळी नवीन लावलं. असं तीन आठवडे चाललं. पोस्टर चिकटवायला भालेराव मला टेप आणून द्यायचे आणि काढायची वेळ झाली की चहाला जायचे. शेवटी वरून हुकूम आला आणि माझी बदली वाळूजला झाली, कारखान्याच्या गेटसमोर, छत्रीखाली. ही शिक्षा होती. टेबल, छत्री, धूळ, आणि शिफ्ट सुटली की दोनशे माणसं एकदम.

पण शिफ्टमधला कामगार दिवस मोजण्यात पक्का असतो. त्याला 'फील' सांगून चालत नाही, ओव्हरटाइम तासाला मोजणारा माणूस तो. मी तारीख सांगायचे, तो मान हलवायचा, पुढच्याला पाठवायचा. चार महिन्यांत माझ्या छत्रीखाली जालना रोडपेक्षा जास्त गिऱ्हाईक झालं. अभिजितसर एकदा बघायला आले, धुळीत उभे राहिले, आणि पोस्टरचा फोटो काढून घेऊन गेले. पुढं ऐकलं, जालना रोडला तसंच छापील लागलं, वर कंपनीचं चिन्ह आणि 'पारदर्शकतेचं वचन' असं काहीतरी. मामूंना सांगितलं तर म्हणाले, "लागू दे. बोर्ड कोणीबी रंगवू दे, गाडी बरोबर लागली म्हणजे झालं."

मामू वाळूजलाही यायचे, दोन बस बदलून. छत्रीखाली बसून माझं ऐकायचे आणि चुका काढायचे. "लांबलं. कामगाराची बस सुटंल. छोटं कर." मी त्यांची माफी मागायचा प्रयत्न दोनदा केला. दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला. तिसऱ्यांदा म्हणाले, "आपाला सांग. पडली ती, मी नाही."

म्हणून मी शहागंजला गेले. आपांना मामूंनी आता आपल्याच घरी आणलं होतं. काठी टेकत चालायच्या. मी सगळं सांगितलं. आपांनी माझा हात धरला आणि मामूंकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पोरी, तुझं सोड. आधी मी त्याला दिवसातून एकदा बोलायची, आता दिवसभर बोलते. सजा त्याला झाली." मामू आतून ओरडले, "हौ! आणि हिची मुदत संपतच नाही!"

गेल्या हिवाळ्यात मामू गेले. छातीत दुखलं, दवाखान्यात पोचायच्या आधीच. मला कळलं ते दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी मी घरी गेले तेव्हा खोली बायकांनी भरलेली होती, आपा भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि मामूंचा फोन त्यांच्या मांडीवर होता. मी शेजारी टेकले. तेवढ्यात फोन वाजला. आपांनी तो माझ्या हातात दिला.

"मामू, सिल्लोडची दुपारची गाडी किती वाजता?" पलीकडे कुणी पुरुष होता. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी लोक त्यांना घरी फोन करून गाड्या विचारत होते, हे मला त्या क्षणी कळलं.

मी सांगितलं, मामू गेले. तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "लई वाईट झालं हो. देवमाणूस." मग म्हणाला, "...पण मला आज जायाचंच होतं. मुलीला बघायला पाहुणे यायलेत."

आपा माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "मला माहीत नाही. अर्ध्या तासात सांगते."

स्कूटी काढून मी बसस्टँडवर गेले. चौकशीच्या खिडकीत एक तरुण मोबाइल बघत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "लागंल." मी तिथंच उभी राहिले. मागं रांग वाढली, लोक कुरकुरले, मी हलले नाही. शेवटी त्यानं वैतागून मागचा कागद बघितला.

सोबत आणलेल्या मामूंच्या फोनवरून मी त्या माणसाला फोन लावला. "सव्वातीन. फलाट चार. दहा मिनिटं आधी या."

"लई उपकार झाले, ताई," तो म्हणाला. "तुम्ही मामूंच्या कोण?"

गाडी सव्वातीनला आहे, एवढं मी पुन्हा एकदा सांगितलं.